फिरोजा खाला मोठ्या दारातून गेली

फिरोजा खालाच्या शिंका खऱ्या नसत. हे कळायला मला त्या घरात तीन महिने लागले. बायकांच्या चौकात दोघींचं बोलणं धारेवर आलं, कुणाच्या तोंडून नको ते निघून गेलं, किंवा पाहुण्यांसमोर अवघड शांतता पसरली, की दाराजवळच्या कोपऱ्यातून एक दणदणीत शिंक येई. मग तिचं ‘अल्हम्दुलिल्ला’, मग चारी बाजूंनी दुवा, मग कुणाला तरी हसू फुटे आणि अडलेलं बोलणं दुसऱ्याच वाटेने पुढे जाई. पहिल्या महिन्यात मी तिला आल्याचा काढा करून दिला होता. तिने तो मुकाट्याने पिऊन टाकला आणि दुसऱ्या दिवशी गरज पडताच पुन्हा शिंकली.

ही साठच्या दशकातली गोष्ट. आज ज्याला अमिराती म्हणतात तो तेव्हा वाळूचा, खजुरीच्या झावळ्यांच्या घरांचा आणि थोड्या लँडरोव्हर गाड्यांचा किनारा होता. दुबईहून उत्तरेकडे, ओहोटी बघून ओल्या वाळूवरून गाडी हाकत गेलं की अर्ध्या दिवसाने एक लहान गाव लागे. तिथल्या शेखांच्या घरी मी त्यांच्या मुलीला, शम्साला, इंग्रजी आणि अंकगणित शिकवत असे. गावाचं नाव मी लिहीत नाही. त्या घराची माणसं अजून तिथे आहेत आणि मी त्यांचं मीठ खाल्लं आहे.

मी दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावची. वडील गलबतावर खलाशी. आमच्या घरात मॅट्रिक झालेली मी पहिली, आणि पुढे रत्नागिरीच्या कॉलेजातून बी. ए. झाले तेव्हा वडिलांनी निकालाचा कागद उलटा धरून अख्ख्या मोहल्ल्याला दाखवला होता. लग्नानंतर दुबईत आले. माझे मालक एका हिंदी व्यापाऱ्याच्या पेढीत क्लार्क होते. त्या पेढीचा माल शेखांकडे जाई. शेखांना मुलीसाठी शिकवणारी बाई हवी होती, पुरुष चालणार नव्हता. पेढीच्या शेटने माझं नाव सांगितलं. अशी मी, हातात ट्रंक आणि डोक्यावर पदर घेऊन, त्या चौकात जाऊन उभी राहिले. सर्वांत आधी माझ्याकडे बघून हसली ती फिरोजा खाला.

तिला मराठीत काय म्हणावं हे मला आजही ठरवता येत नाही. रखेल म्हणावं तर तो शब्द शिवीसारखा लागतो, आणि त्या घरात तिला कुणी वाईट वागवत नव्हतं. दासी म्हणावं तर शेखांच्या खोलीत न विचारता जाणारी ती एकटीच बाई होती. बायको मात्र ती नव्हती. तिचा निकाह कधीच झाला नव्हता. मकरानच्या किनाऱ्यावर दुष्काळ पडला तेव्हा आठ-नऊ वर्षांची असताना तिच्या काकाने तिला होडीत घालून इकडे आणलं आणि मग ती एका घरातून दुसऱ्या घरात अशी दिली गेली. सोळाव्या वर्षाच्या सुमाराला या घरात आली. मी पाहिली तेव्हा पन्नाशीची असावी. केस मेंदीने लाल, अंगाने काटक, आणि इकडच्या बायका तोंडावर घालतात त्या निळीच्या मुखवट्याचा डाग नाकाच्या शेंड्यावर कायमचा.

आमचं बोलणं हिंदीत चाले, कारण खाला मुंबईला राहून आली होती. शेख एकदा पायाच्या दुखण्याच्या इलाजासाठी चार महिने मुंबईत बिऱ्हाड करून होते आणि पाय चोळायला तिला बरोबर नेलं होतं. तिथल्या आयाकडून ती हिंदी शिकली. ती आया आमच्याच जिल्ह्याची असणार, कारण खालाला तीन मराठी शब्दही येत. ‘बाई गं’, ‘चल हट’ आणि ‘पुरे’. अस्सल अरबी भांडणाच्या मध्येच ती ‘बाई गं’ म्हणे तेव्हा मला एकदम माहेरी गेल्यासारखं वाटे. मुंबईत तिला काय आवडलं, असं मी एकदा विचारलं. मला वाटलं, ट्राम सांगेल, राणीची बाग सांगेल. ती म्हणाली, मोरीची कडी. तिथल्या मोरीला आतून कडी होती. रोज दुपारी ती आत जाऊन कडी लावून अर्धा तास नुसती बसून राही. आया दार वाजवे, तर ही आतून तांब्याने पाणी ओतल्याचा आवाज करी.

तिच्याकडे अशी अक्कल पुष्कळ होती. शेखांच्या खोकल्याचे तिने प्रकार पाडले होते. एक खोकला पाण्याचा, एक कॉफीचा, एक कुणालाही आत पाठवू नका असा. चौकात वाल निवडत बसलेली असताना भिंतीपलीकडून खोकला आला की ती उठे किंवा उठत नसे, आणि तिचं कधी चुकत नसे. मला शहाणपण शिकवताना म्हणे, “जिसके घर में रहने का, उसका खाँसी सीखने का.” मी हे वाक्य पुढे सासरी वापरून पाहिलं आहे. उपयोग होतो.

त्या घराच्या रीतीभाती मला शिकवल्या त्याही तिनेच, आणि बहुतेक माझ्या चुकांमधून. पहिल्याच शुक्रवारी जेवणानंतर उदाचं धुपाटणं फिरलं. प्रत्येक बाई ओढणीत धूर घेते आणि पुढे देते. शेखांच्या बेगम, ज्यांना सगळे उम्म सैफ म्हणजे सैफची आई म्हणत, त्यांनी पाहुणी म्हणून धुपाटणं माझ्या हातात दिलं. आता पुढे कुणाला द्यावं? आमच्याकडे वयाने मोठं ते पहिलं. मी सरळ उठले, शम्साला आणि आलेल्या पाहुण्या बायकांना ओलांडून गेले आणि धुपाटणं दाराजवळच्या खालापुढे धरलं. चौकात कुणी श्वास घेईना. खाला शिंकली. शिंकताना तिचा हात धुपाटण्याला असा लागला की राख सतरंजीवर सांडली, आणि ती झाडण्याच्या गडबडीत धुपाटणं जिथे जायला हवं होतं तिथे गेलं. नंतर तिने मला समजावलं की या घरात धूर दर्जाप्रमाणे फिरतो, वयाप्रमाणे नाही. तिचा नंबर शेवटचा. मला फार ओशाळल्यासारखं झालं. तर म्हणाली की शेवटचा धूर गोड असतो, सगळा कडवटपणा वरच्यांनी आधीच घेतलेला असतो.

माझी दुसरी चूक मात्र राखेने झाकण्यासारखी नव्हती.

सैफ तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होता. मुंबईत दोन वर्षं शिकून आता दुबईत एका कंपनीत नोकरीला लागला होता. ईदला घरी आला. उम्म सैफनी त्याला समोर बसवून माशाचे काटे काढून घास भरवला. बावीस वर्षांच्या घोड्याला, आणि तोही निमूटपणे खात होता. काहीतरी गंमत निघाली आणि तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा पूर्ण मिटला आणि मान उजवीकडे कलली. मी गेले चार महिने हे हसू रोज पाहत होते. आमच्या गावात अशा वेळी जे म्हणतात तेच मी कौतुकाने, माझ्या मोडक्या अरबीत, मोठ्याने म्हणाले की सैफ अगदी फिरोजा खालासारखा हसतो.

शिंक आली. पण या वेळी तिच्या शिंकेनंतर कुणी दुवा दिली नाही. उम्म सैफ काटे काढत राहिल्या. आता त्या माशात काटा उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी विहिरीजवळ मासे साफ करताना खालाने मला सांगितलं. डोळ्यांत पाणी नाही, आवाज खाली नाही, विळीवर हात चालूच. उम्म सैफना मूल नव्हतं. शेखांनी दुसरी बायको केली. तिला खल्फान झाला, पुढे शम्साच्या वेळी ती वारली. या दोघांच्या मधल्या काळात फिरोजाला दिवस गेले. बाळंतपणाच्या दिवशी सुईण पलीकडच्या गावात होती आणि भरतीने वाट बंद. तेव्हा उम्म सैफ स्वतः कोठीच्या खोलीत आल्या, दार लावून घेतलं, बाह्या वर केल्या आणि मूल हातावर घेतलं. तिसरं कुणी नव्हतं. सातव्या दिवशी शेखांनी बकरा कापला आणि गावाला सांगितलं की माझ्या मोठ्या बायकोला मुलगा झाला. घराण्याच्या मुलाला घराण्याची आई हवी. गावाने मुबारक म्हटलं. ज्यांना शंका होती त्यांनीही म्हटलं. फिरोजाला त्या मुलाची दूधआई नेमण्यात आलं.

“अपने ही बच्चे पर नौकरी लगी मेरी,” ती म्हणाली आणि डावा डोळा मिटून हसली.

मला संताप आला. मी शिकलेली, तावातावाने काहीबाही बोलले. तिने मला थांबवलं, ‘पुरे’ म्हणून. सैफला देवी आल्या तेव्हा एकवीस दिवस उम्म सैफ चटईवर त्याच्याजवळ बसून होत्या, असं सांगितलं. त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावरचे वण मी पाहिले होते, ते तेव्हाचे.

“एक बच्चा दो औरत ने पैदा किया, टीचर. एक ने पेट से, एक ने हाथ से. झूठी कोई नहीं.”

पुष्कळ वर्षांनी एका वाचनालयात कोरियातल्या जुन्या राजवाड्यांवर लिहिलेलं काहीतरी माझ्या हाती आलं. तिथेही राजाच्या अशा बायका असत, त्यांच्या पोटची मुलं राणीलाच आई म्हणत, आणि राजा वारला की त्यातल्या कित्येकींना केस उतरवून मठात जावं लागे. मी ते पुस्तक तिथेच टेबलावर ठेवून बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत बसले. इतक्या लांबचा देश, इतकी थंडी, आणि मला नाकावर निळीचा डाग असलेली बाई दिसत होती.

शेख वारले ते एका दुपारी, झोपेतच. खालाचा हात त्यांच्या पायावर होता. तिने आधी त्यांचे मोजे नीट केले आणि मग बाहेर येऊन उम्म सैफना सांगितलं. घरात मातम सुरू झाला. उम्म सैफ इद्दतीला, विधवेच्या चार महिने दहा दिवसांच्या एकांताला, बसल्या. खाला रडली की नाही हे मला माहीत नाही. मी तिला पाहिली ती चुलीपाशी, कारण तीनशे माणसं फातिहाला येणार होती.

घराची सूत्रं थोरल्या मुलाकडे, खल्फानकडे आली. हा माणूस वाईट नव्हता, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. बोलणं कमी, नमाजी, माझा पगार त्याच्या हाती आल्यावरही कधी लांबला नाही. त्याने महिन्याभरात सगळ्यांची सोय लावली. शम्साचं लग्न समुद्रापलीकडच्या एका घराण्यात शेखांनी आधीच ठरवलं होतं. मुलगी लांब जाणार, सोबत जाणतं माणूस हवं. खल्फानने सांगितलं, फिरोजा जाईल. जन्मभर तिकडेच राहील. शम्सा आनंदाने टाळ्या वाजवत माझ्याकडे आली. फिरोजाला विचारण्याचा प्रश्नच कुणाच्या मनात आला नाही. घरातलं जड भांडं मुलीबरोबर द्यावं तसं ते होतं.

त्या दिवशी खालाने शिरा करपवला. मी तिला पहिल्यांदाच काही करपवताना पाहिलं.

संध्याकाळी गच्चीवरचे वाळलेले कपडे गोळा करताना ती म्हणाली की तिला एकच गोष्ट हवी आहे. या घरातून निघून खोर फक्कानला राहायचं. डोंगरापलीकडच्या त्या गावात तिच्या मकरानकडची दोन-चार घरं होती. तिथे एक झावळ्यांची खोली, आणि सैफ सुट्टीला आला की तिला भेटायला येईल. समुद्रापलीकडे गेली तर तो येणार नाही. ती परत येणार नाही. माणसं तिकडे जातात आणि मग त्यांच्या मरणाची खबरच येते.

मला वाटलं, याला उपाय सोपा आहे. माणसं गुलाम म्हणून ठेवण्याची ती जुनी पद्धत कागदावर तेव्हा बंद झालेली होती, आणि दुबईतल्या इंग्रजांच्या कचेरीत, एजन्सीत, जाऊन सांगितलं तर सुटकेचा शिक्क्याचा कागद मिळतो, हे मला मालकांकडून माहीत होतं. मी म्हणाले, पुढच्या गाडीने माझ्याबरोबर चल, अर्ज मीच लिहिते. माझं इंग्रजी चांगलं आहे. खालाने माझ्या गालावरून हात फिरवला.

“मेरे को भागने का नहीं, टीचर. मेरे को जाने का है. भागने वाली के पीछे दरवाजा बंद हो जाता है.”

एजन्सीचा कागद घेऊन ती गेली असती तर त्या घराच्या दृष्टीने ती पळालेली बाई झाली असती. पळालेल्या बाईला मुलाने भेटायला जाणं म्हणजे भावाच्या तोंडावर थुंकणं. तिला दिवसाढवळ्या, मोठ्या दारातून, सलाम घेऊन जायचं होतं. आणि त्याला रस्ता होता. तो अगदी जुना होता आणि गावातल्या लहान मुलालाही माहीत होता. धन्याचं मूल जिच्या पोटी झालं ती गुलाम बाई धन्याच्या मरणाबरोबर आपोआप मोकळी होते. तिच्यावर कुणाचा हक्क राहत नाही. फक्त तिला मूल झालं होतं हे सिद्ध व्हावं लागतं. आणि त्या कोठीत तिसरं कुणी नव्हतं.

मी म्हणाले, मग उम्म सैफना सांग ना. त्या तुझं ऐकतील.

ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. नंतर म्हणाली, “पच्चीस साल उनसे कुछ नहीं माँगा. अब जा के क्या माँगूँ? कि सब के सामने बोलो, मैं बाँझ हूँ?”

सैफला सांगायलाही तिने मला बंदी केली. त्याला माहीत आहे का, असं मी विचारलं. तर म्हणाली, पोरगा आंधळा थोडाच आहे, रोज आरशात बघतो. पण त्याने तोंड उघडलं तर मुलाने आईचं आईपण भर सभेत काढून घेतल्यासारखं होईल, आणि तो तसं करणार नाही, आणि केलं तर तिला आवडणार नाही. असं सगळं तिनेच सगळ्या बाजूंनी बंद करून घेतलं होतं. मी तिच्यावर चिडले. दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिने मला आल्याचा काढा आणून दिला आणि समोर उभी राहून पूर्ण प्यायला लावला.

चाळिसावा झाल्यावर वाटणीसाठी काजी आले. थकलेले, डोळ्यांत मोतीबिंदू, पण आवाज खणखणीत. ते पुरुषांच्या बैठकीत बसले, मधे जाड पडदा, पडद्याच्या या बाजूला आम्ही बायका. उम्म सैफ पांढऱ्या कपड्यांत मध्यभागी. खाला नेहमीसारखी दाराजवळ. असरची, तिसऱ्या प्रहराची नमाज झालेली होती, उन्हाची एक पट्टी पडद्याखालून आमच्या पायांपर्यंत आली होती.

वारस मोजून झाले. खल्फान, सैफ, शम्सा, बेगम. जमीन, खजुरीच्या बागा, होडी. मग काजींनी आपल्या रीतीप्रमाणे, ते म्हणे अशा प्रत्येक घरात विचारतात तसा, प्रश्न विचारला. बायकांकडे तोंड करून, सावकाश. या घरात अशी कुणी बाई आहे का, जिच्या पोटी मरहूम शेखांचं मूल झालं आणि जिचा निकाह नव्हता? असेल तर तिने किंवा तिच्या साक्षीदाराने आता बोलावं. नंतर मी विचारणार नाही.

मी खालाकडे पाहिलं. ती स्वतःच्या नखांकडे बघत होती. पलीकडे सैफ बसला होता. त्याच्या तसबीचे मणी सरकायचे थांबलेले मला ऐकू आले. उम्म सैफ ताठ बसल्या होत्या. शांतता इतकी लांबली की काजींनी घसा साफ केला. आणि तेव्हा खाला शिंकली.

तिने स्वतःच ते दार लोटून दिलं होतं. उम्म सैफची अडचण सोडवायला, पंचवीस वर्षांच्या सवयीने.

उम्म सैफ मान न वळवता म्हणाल्या, “फिरोजा, आज शिंकू नकोस.”

मग पडद्याकडे तोंड करून, सबंध गावाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या बोलल्या.

“लिहा, काजीसाहेब. सैफला मी माझ्या या हातांवर घेतला. या बाईच्या पोटातून. खोलीत मी, ती आणि अल्ला. माझ्या पोटी मूल झालं नाही.”

पलीकडे कुणीतरी एकदम उठल्याचा आवाज झाला, सैफच असणार, आणि काजींनी त्याला बस म्हटलं. सुईण नसताना मूल हातावर घेणाऱ्या बाईची एकटीची साक्ष अशा बाबतीत चालते, हे त्यांनी सर्वांना सांगितलं. कुणाला हरकत आहे का, असं विचारलं. खल्फान म्हणाला, “माझ्या आईच्या जागी आहेत त्या. त्या म्हणतात तर खलास.” त्याच्या आवाजात मला राग ऐकू आला नाही. उलट जड ओझं दुसऱ्याने उचलावं तसा तो सुटलेला वाटला.

काजींनी निकाल सांगितला. ही बाई मोकळी आहे. आजपासून नव्हे, शेखांचा शेवटचा श्वास गेला त्या घडीपासून. चाळीस दिवस झाले.

आम्ही सगळ्या खालाकडे वळलो. तिचं तोंड उघडं होतं. ती काजींचं वाक्य मनात उलटसुलट करून बघत होती.

“चाळीस दिवस?” ती म्हणाली. “बाई गं. मग त्या तीनशे माणसांची भांडी मी का घासली?”

पहिल्यांदा हसल्या त्या उम्म सैफ. इद्दतीत बसलेल्या, पांढऱ्या कपड्यांतल्या त्या बाईला हसू आवरेना. हसता हसता त्या रडायला लागल्या, आणि खाला उठून त्यांच्याजवळ गेली. तेवढ्यात पडदा बाजूला सारून सैफ आत आला. रीत मोडून, सगळ्या बायकांमध्ये. दोघी एकमेकींना धरून बसलेल्या. आधी कुणाच्या कपाळाचं चुंबन घ्यावं हे त्याला कळेना. खालानेच त्याची मान धरून उम्म सैफकडे वळवली.

नंतर बायकांनी विचारलं, आता तुला काय म्हणायचं, उम्म सैफ का? खालाने हात झटकला. ते नाव जिचं आहे तिच्याकडेच राहू दे, एका घरात दोन उम्म सैफ झाल्या तर एका हाकेला दोघी धावतील आणि भांडत बसतील, असं म्हणाली.

भांडण तरीही झालंच, निघायच्या दिवशी. तिच्या सामानात तीन झगे, एक कुराणाची पेटी आणि कोठीतलं मोठं पितळी पातेलं होतं. उम्म सैफ म्हणाल्या, पातेलं घराचं आहे. खाला म्हणाली, या पातेल्यात पस्तीस वर्षं भात मी केला. उम्म सैफ म्हणाल्या, भात केलास म्हणून पातेलं तुझं होत नाही. खाला म्हणाली, मग घ्या, आणि भातही तुम्हीच करा. दोघी पातेल्याचे दोन्ही कान धरून ओढत होत्या. तीस-पस्तीस वर्षांत त्यांच्यात उघड भांडण झालेलं घरातल्या कुणी पाहिलं नव्हतं. आम्ही कामं टाकून बघत उभ्या राहिलो. शेवटी पातेलं खालाने नेलं. शम्सा रडली, खल्फानने गाडीचं दार स्वतः उघडून दिलं, आणि ती पुरुषांच्या बाजूच्या मोठ्या दारातून, भर दुपारी, त्या पातेल्यासकट गेली.

शम्साचं लग्न होऊन माझी नोकरी संपली. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी जाणार होते. त्याआधी मालकांच्या मागे लागून मी खोर फक्कानला गेले. डोंगरातून, ओढ्याच्या कोरड्या पात्रातून गाडी दिवसभर धक्के खात गेली. आईने ऐकलं असतं तर मला ओरडली असती. पण मला जायलाच हवं होतं.

समुद्राजवळ झावळ्यांची खोली होती, सैफने नवी बांधून दिलेली. आत उम्म सैफ बसल्या होत्या. आठ दिवसांसाठी हवापालट करायला आल्या होत्या, त्याला आता तीन आठवडे झाले होते. मीठ जास्त झाल्याची त्यांची तक्रार चालू होती आणि खाला त्यांना म्हणत होती की पाहुण्याने ताटात आलं ते खावं. तिने मला माझ्या पोटाकडे बघून मुलगी होणार असं सांगितलं. झाला मुलगा. तिच्या अंदाजातला मला माहीत असलेला हा एकच चुकलेला.

परत निघालो तेव्हा गाडी ओढ्याच्या तोंडाशी उभी होती, खोलीपासून बरीच लांब. खाला पोचवायला निघाली. तिकडे पाहुण्याला शेवटपर्यंत, गाडीत बसेपर्यंत पोचवतात, ती रीत तिनेच मला शिकवली होती. किनाऱ्याने आम्ही दोघी हळूहळू चालत होतो. ती मला बाळाच्या पोटदुखीवर काय द्यावं ते सांगत होती. ओवा, बडीशेप, आणि तिसरं काहीतरी. अर्ध्या वाटेवर, त्या तिसऱ्याचं नाव सांगायच्या आधीच, ती थांबली.

“खलास, टीचर. मेरे को अब कंटाळा आया,” ती म्हणाली. तो शब्द तिला कुठून मिळाला कोण जाणे. “तू जा. मैं इधर से वापस.”

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि वळली. मी काही वेळ तिथेच उभी राहिले. मालक लांबून हाका मारत होते. खाला घराकडे सरळ गेली नाही. थोडं चालून ती पाण्याकडे उतरली, वाळूत ओढून ठेवलेल्या एका होडीच्या कडेला टेकून बसली, आणि चपला काढून पाय लांब केले.